भाचीला आयटी + बिझनेस मॅनेजमेंट एकत्र असलेली डिग्री करायचीये, बीबीए सीए घ्यावं का? सल्ला हवाय

बार्शीचा_मामा
नमस्कार मंडळी. भाची बारावी कॉमर्सला आहे, अकाउंट्स एकदम पक्कं आणि अकरावीपासून आयटी विषय घेतलाय, एचटीएमएल जावास्क्रिप्ट आवडीने करत बसते. मॅथ्स मात्र नाही घेतलं, एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं. सीए नको म्हणते, नुसतं बीकॉम पण नको, कॉम्प्युटर आणि बिझनेस दोन्ही असलेलं काहीतरी करायचंय. पुण्याला पाठवायची घरच्यांची तयारी आहे पण दाजींचं किराणा दुकान, त्यामुळे डोनेशनबिनेशन झेपणारं नाही. ओबीसी आहोत, नॉन क्रिमीलेअर निघतं. बीबीए सीए, बीसीए, बीबीए आयटी अशी नावं ऐकून ऐकून डोकं गरगरतंय, कोणी नीट सांगेल का?

पेठेतला_प्रवीण
मामा, नावांचा घोळ आहे खरा, आणि तो विद्यापीठानेच घातलाय. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पूर्वी कॉमर्सकडचं बीसीए होतं, तेच आता बीबीए सीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकाउंटंटशी काडीचा संबंध नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगून टाकलं. बीसीए सायन्स वेगळं, ते सायन्स फॅकल्टीचं. आणि बीबीए आयटी म्हणजे मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या एसआयसीएसआर कॉलेजचं, त्याला त्यांची स्वतःची सेट नावाची प्रवेश परीक्षा असते आणि फी ऐकून दाजी दुकानाचं शटर ओढतील, तेव्हा ते सोडा.

भाचीला बीबीए सीएच बसतंय. माझी मुलगी २०१९ च्या पॅटर्नने झाली, पहिल्या सेमला सी लँग्वेज आणि डेटाबेसच्या जोडीला प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट, दुसऱ्याला फायनान्शिअल अकाउंटिंग आणि एचआर, पुढे डेटा स्ट्रक्चर, डिजिटल मार्केटिंग, जावा, सॉफ्टवेअर टेस्टिंग. आता नवीन शैक्षणिक धोरणाने विषय इकडचे तिकडे झालेत आणि चौथं वर्ष ऑनर्सचं आलंय, तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडता येतंच. पण खिचडी तीच, अर्धं कॉम्प्युटर अर्धं मॅनेजमेंट. पहिल्या वर्षी कॉमर्सची मुलं सी मध्ये पॉइंटर आले की रडतात आणि सायन्सची मुलं जर्नल एंट्रीला, त्यामुळे हिशोब बरोबर होतो.

चिऊची_आई
मामा कॉलेजं बघायच्या आधी सीईटीचं, म्हणजे प्रवेश परीक्षेचं बघा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे सगळं एआयसीटीई म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेलंय, त्यामुळे राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी द्यावी लागते आणि मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची फेरी. आमच्या लेकीने पहिल्याच वर्षी दिली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, इंग्लिश जास्त, मग रिझनिंग, थोडं जीके आणि थोडं कॉम्प्युटर बेसिक. अवघड नाही पण वेळ पुरत नाही, मॉक टेस्ट सोडवायला लावा. पॅटर्न तेवढा सेलच्या साइटवर यंदाचा बघून घ्या.

त्या वर्षी खूप मुलांना सीईटी असते हेच माहीत नव्हतं, जागा रिकाम्या राहिल्या म्हणून ऑगस्टमध्ये परत एक सीईटी घ्यावी लागली. आणि अजून एक गंमत, काही कॉलेजांनी सीईटीच नको म्हणून कोर्सचं नाव बदलून बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज वगैरे केलं. शिकवतात जवळपास तेच, पण ते कॅपमध्ये नाही.

हे का महत्त्वाचं, तर ८ जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा असं नाव बदललेलं बिगर-सीईटी घेतलं की ही माफी गेली. हॉस्टेल, मेस, बाकीच्या फुटकळ फ्या यात येत नाहीत. कॉलेजात गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, कोर्स महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलच्या यादीत दिसतो का, आणि तोंडी हो ला हो म्हणू नका, स्क्रीनवर दाखवा म्हणावं.

रोखठोक_७७
माझं मत कोणाला आवडणार नाही पण हे असले जोड कोर्स म्हणजे धड ना हे ना ते. इंटरव्ह्यूला कोडिंगमध्ये इंजिनिअर पुढे आणि मॅनेजमेंटमध्ये एमबीए पुढे, मधल्यांना शेवटी कॉल सेंटर. त्यापेक्षा बार्शीतच साधं बीकॉम करा, घरी राहून एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय शिका, पैसेही वाचतील.

चाकणचा_ईआरपीवाला
रोखठोक भाऊ, अर्धं पटलं. नुसती डिग्री घेऊन बसलं तर तुम्ही म्हणता तेच होतं. पण मधल्यांना जागा नाही हे साफ चूक, माझं पोट त्याच मधल्या जागेवर चाललंय. एक उदाहरण देतो, चाकणला एका कंपनीत सॅप सपोर्टला आहे, सॅप म्हणजे कंपनीची खरेदी, स्टॉक, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर. परवा स्टोअरवाला म्हणतो माल आला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलं, आणि अकाउंट्सवाली म्हणते सप्लायरचं पेमेंट निघत नाहीये, बिल ब्लॉक दाखवतंय, सिस्टीम बंद पडलीय. सिस्टीम ठणठणीत होती. पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर ५०० नगांची, आले ५००, क्वालिटीने २० रिजेक्ट केले म्हणून जीआरएन ४८० चं, आणि सप्लायरचं बिल पूर्ण ५०० चं. पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत असंच ते बनवलंय. आता यात २० नगांची डेबिट नोट काढायची, त्यावरचा जीएसटी उलटवायचा की सप्लायरकडून क्रेडिट नोट मागायची, हे कोडिंगवाल्या पोराला सुचत नाही, आणि अकाउंट्सवालीला ब्लॉक कुठल्या स्क्रीनवर का लागला ते कळत नाही. जिला दोन्ही कळतं तिला दोघंही फोन करतात.

तुमची भाची अकाउंट्समध्ये पक्की आहे ना, मग तिला या लाइनचा विचार करायला सांगा. सॅपमध्ये फायको म्हणजे फायनान्सचं मॉड्यूल, एमएम खरेदी आणि स्टोअरचं, एसडी विक्रीचं. तिथे कोड लिहिण्यापेक्षा धंद्याची प्रोसेस समजणं जास्त लागतं. फक्त लाखभर रुपये घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या नादी पहिल्या वर्षापासून लावू नका. टॅली आणि एसक्यूएल नीट येऊ द्या, आणि सुट्टीत दाजींच्या दुकानाचा स्टॉक, उधारी, जीएसटीचं एक छोटं सॉफ्टवेअर तिने स्वतः बनवावं. गोदामातली साखर आणि सिस्टीममधली साखर का जुळत नाही हे तिने एकदा शोधून काढलं ना, की इंटरव्ह्यूत बोलायला भरपूर होईल.

निवृत्त_मास्तर
वरचं सगळं ठीक आहे, पण मॅथ्सचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. बीबीए सीए ला बारावीचं मॅथ्स नसलं तरी चालतं, पण पुढे अडतं. एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशनचं मास्टर्स, आता दोन वर्षांचं आहे, त्याच्या पात्रतेत बारावीला किंवा डिग्रीला मॅथ्स बघतात. विप्रोची ती नोकरी करत एमटेक करायची विल्प योजना आहे, त्यात कोअर मॅथ्स हवं आणि बिझनेस मॅथ्स धरणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. त्यामुळे डिग्रीत मॅथ्स, स्टॅट्सचे जे पेपर ऐच्छिक मिळतील ते मुलीने टाळू नयेत, आणि त्या वर्षीचे पात्रतेचे नियम स्वतः वाचावेत.

दुसरं, कॅम्पसच्या फॉर्मवर बऱ्याचदा बीसीए, बीएससी असं लिहिलेलं असतं आणि बीबीए सीए चं नावच नसतं. कॉलेज निवडताना प्लेसमेंट ऑफिसरला नेमकं विचारावं, गेल्या वर्षी बीबीए सीए ची मुलं कुठल्या कंपनीत कुठल्या पदावर लागली. बीपीओच्या पदाला आयटी प्लेसमेंट म्हणून फ्लेक्सवर छापायची पद्धत आहे आपल्याकडे.

एमबीएला मात्र ही अडचण नाही, कुठलीही पदवी चालते. सिंबायोसिसच्या हिंजवडीतल्या एससीआयटीत आयटी बिझनेस मॅनेजमेंटचंच एमबीए आहे, त्यांच्या स्नॅप प्रवेश परीक्षेने. फीचा विचार तेव्हाचा तेव्हा.

मानहाइमकर
जर्मनीतून वाचतोय. इकडे हा आयटी आणि बिझनेस एकत्रचा विषय जुना आणि मानाचा आहे, विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक म्हणतात, आणि सॅप कंपनी आमच्या इथून जवळच वालडॉर्फला. बारावीनंतर लगेच यायच्या भानगडीत पडू नका, जर्मन भाषा आणि तयारीचं वर्ष यातच दमछाक होते. मास्टर्सला या. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण आमच्या बाडेन-वुर्टेनबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे आणि म्युनिकच्या टीयूएम विद्यापीठानेही २०२४ पासून सुरू केलीय. वर खर्चासाठी ब्लॉक अकाउंटला, म्हणजे दरमहा ठराविकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शिवाय शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट.

प्रवेश देताना ते विषयवार क्रेडिट मोजतात, कॉम्प्युटरचे किती, बिझनेसचे किती, मॅथ्सचे किती. तीन वर्षांच्या डिग्रीला ते कधी पुरतात कधी नाही, म्हणून चौथं वर्ष करावं का याचा विचार तेव्हा करा. आणि प्रत्येक सेमचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला आत्ताच सांगा, नंतर विद्यापीठाच्या साइटवर जुना सिलॅबस शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

बार्शीचा_मामा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर इथल्या क्लासवाल्यानेही सांगितलं नाही. जर्मनी ऐकून बहीण घाबरली, ते राहू द्या सध्या. बीबीए सीए, कॅपमधूनच, एवढं ठरलं. पुण्यात मॉडर्न आणि गरवारे कॉमर्स बघून येतो. चिऊच्या आई, कॅपला कागदपत्रं काय काय लागली?

चिऊची_आई
डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर चालू तारखेचं, हे तर आहेच. पण सगळ्यात आधी जात वैधता म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी! सायन्सची मुलं बारावीतच कॉलेजमार्फत फॉर्म भरतात, कॉमर्सवाल्यांना कोणी सांगत नाही कारण बीकॉमला आधी एवढी गरज पडायची नाही. ज्युनिअर कॉलेजच्या क्लार्ककडे उद्याच जा, त्यांची सही शिक्का लागतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा हवा, आजोबा पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, आणि तो वडिलांकडचा, म्हणजे दाजींच्या घरातला, तुमच्या घरातला नाही.

बार्शीचा_मामा
दाजींच्या वडिलांची शाळा वैरागला झालीय. सोमवारी जातो.