घरचं कुणी जुन्या टेनिस-क्रोके क्लबात होतं का? आठवणी लिहा

नौपाडाकर
आमचे आजोबा मुंबईतल्या एका जुन्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे मेंबरांशी खेळणारा, त्यांना शिकवणारा, पण स्वतः मेंबर नसलेला माणूस. ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून जायचे. पावसाळ्यात मातीची कोर्टं बंद, म्हणजे वरकमाई पण बंद, मग ते घरी रॅकेटी विणायला आणायचे. तेव्हाची तात मेंढीच्या आतड्याची असायची आणि ठाण्याच्या दमट हवेत ती सैल पडायची, तुटायची, त्यामुळे पावसाळ्यात विणायला काम भरपूर. आजी माळकरी होती. तिने घरात आतडं चालवून घेतलं, पण चूल आणि देवघर सोडून. म्हणून ती वेटोळी बाहेरच्या खोलीत बल्बजवळ खुंटीला टांगलेली असायची आणि आजोबा जेवायला बसायच्या आधी आजी त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावायची.

क्लबाच्या भिंतीवर अध्यक्ष, सेक्रेटरी, विजेते सगळ्यांची नावं आहेत पण मार्कर, माळी, बॉलबॉय यांचं एकही नाव नाही, हे मला फार लागतं. ठाणे-नवी मुंबईत अशी किती घरं असतील. मेंबर असो की माळी, जे आठवतं ते लिहा प्लीज.

ऐरोलीची लेक
माझे वडील माळी होते, क्लबाच्या आवारातच खोली होती, ऐरोलीला आम्ही नंतर आलो. रोलर ओढायचं काम बाप्यांचं आणि कोर्ट सारवायचं आई आणि मावशीचं. हो, शेणाने सारवायचे, आपल्याकडे कितीतरी कोर्टं तशीच होती. पाऊस संपला की लाल माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग शेणकाला. दोघी नेटपासून मागे मागे सरकत यायच्या म्हणजे ओल्यावर पाऊल उमटत नाही. वाळलं की दोरी धरून चुन्याच्या रेघा. पहिल्या दिवशी साहेब लोक खेळायला आले की आई कुंपणापाशी उभी राहून बॉल कसा उसळतो ते बघायची, कुठे दबला तर तिला लगेच कळायचं की तिथे माती पोकळ राहिली. तिला टेनिसचा स्कोअर अजून कळत नाही, पण कोर्ट तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं असं मी छातीठोक सांगते.

वाशी सेक्टर १७
मस्त धागा! आमच्याकडे क्रोके. पणजोबा ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून, साहेबांच्या क्लबातलं सामान निघालं तेव्हा त्यांनी एक निळा लाकडी चेंडू घरी आणला, चांगला जड आहे. पणजी बाहीत तो चेंडू घालून कापड ताणायची आणि रफू करायची, त्यामुळे एका बाजूला सुईच्या टोचांनी रंग पार उडालाय.

क्रोकेत चार चेंडू असतात, निळा, लाल, काळा, पिवळा, आणि लांब दांड्याच्या लाकडी हातोड्याने ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानींतून काढायचे. विंबल्डनचा क्लब मुळात ह्याच खेळासाठी १८६८ मध्ये निघाला, टेनिस १८७५ ला आलं आणि १८७७ ला पहिली स्पर्धा झाली. पुढे टेनिसचं इतकं वाढलं की १८८२ मध्ये नावातून क्रोके काढूनच टाकलं, ते १८९९ ला परत घातलं, आणि आजही नावात आहे. खेळ मागे पडला तरी नाव ठेवलं हे मला आवडतं.

घोडबंदर रोड
बायका खेळायच्या हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आत्याआजी साडीचा काचा मारून खेळायची, लग्नानंतर सासरी बंद झालं. ती नेहमी क्षमाबाई राव यांचं सांगायची. पुण्यात जन्मलेल्या, वडील संस्कृत पंडित शंकर पांडुरंग पंडित, स्वतः संस्कृतात सत्याग्रहावर काव्य लिहिणाऱ्या आणि टेनिसही स्पर्धांमधून खेळणाऱ्या. त्यांची मुलगी लीला १९३४ मध्ये विंबल्डनला मॅच जिंकली, तिथे जिंकणारी पहिली भारतीय बाई. आईने रॅकेट सोडली नाही म्हणून लेकीच्या हातात ती आली, असं आत्याआजी म्हणायची, आणि हे सांगताना तिचा आवाज बदलायचा.

कोपरी पूर्व
बाबा लहानपणी बॉलबॉय. विंबल्डन नेमकं आपल्या पावसाळ्यात येतं, त्यांना तेव्हा काम नसायचं म्हणून रामनाथन कृष्णन १९६० आणि ६१ ला सेमीफायनलला गेले ते सगळं त्यांनी पेपरातून अक्षर न् अक्षर वाचलेलं. कृष्णन १९५४ ला तिथले ज्युनियर चॅम्पियन आणि मुलगा रमेश १९७९ ला. ती बातमी आली त्या दिवशी बाबांनी चाळीत पेढे वाटले होते.

नौपाडाकर
सगळ्यांचे मनापासून आभार, आजोबांबद्दल इतकं बोलायला मिळालं नव्हतं कधी. अजून लिहायचं असेल त्यांनी घरातले ग्रुप फोटो काढून बघा, खुर्चीवाले मेंबर सोडून मागची उभी रांग बघा, आणि फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो त्यावरून काळ कळतो. पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती सापडली तर टाकू नका. कोपरीकर, बाबांना विचारा ना ते कोणत्या मार्करच्या हाताखाली होते.

आणि ऐरोलीच्या ताई, आईंना विचारून शेणकाल्यात माती किती घालायच्या ते लिहा. मावशींचं नाव पण कळवा. मी एक वही केलीय, त्यात आजोबांच्या नंतर दोघींची नावं घालायची आहेत.