आंबेगाव बुद्रुक (पुणे): आई-बाबांसाठी घर बघतोय, परिसराच्या सुरक्षिततेबद्दल माहिती हवी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा बार्शीत असतात, दोघंही सत्तरीच्या आसपास. ताई धनकवडीत आणि मी बंगळुरूला. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून त्यांनी ताईच्या जवळपास राहायला यावं असं आम्हा दोघींच्या मनात आहे, आणि बऱ्याच मनधरणीनंतर ते आता तयार झालेत. आंबेगाव बुद्रुकला, दत्तनगर चौकातून आत जांभुळवाडी रस्त्याच्या बाजूला एक रीसेलचा टू-बीएचके पसंत पडलाय. हवेशीर आहे, लिफ्ट आहे, बजेटमध्ये बसतोय. अडलंय ते एकाच गोष्टीवर. आई रोज पहाटे देवळात जाते. गळ्यात मंगळसूत्र, हातात पाटल्या. घरात काढून ठेव म्हटलं की तिचा चेहरा पडतो, आणि या वयात तिला ते सांगायला आम्हालाही जिवावर येतं. ती तिथे पहाटे एकटी जाऊ शकेल का?

ज्यांना विचारलं त्यांची उत्तरं दोन टोकांची आहेत. ऑफिसातला एक पुणेकर सहकारी म्हणाला, "तिकडे नको, कोयता गँगचा एरिया तो." डिसेंबर २०२२ मध्ये सिंहगड लॉ कॉलेजच्या रस्त्यावर कोयते नाचवत लोकांना मारत सुटलेल्या दोघांपैकी एकाला गस्तीवरच्या पोलिसांनी जागच्या जागी धरलं होतं, ती बातमी सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. एजंट म्हणतो, "कॉलेजचा भाग आहे मॅडम, रात्री बारालाही रस्त्यावर माणसं असतात." दोघांचंही खरं असेल. पण एका बातमीवरून किंवा एजंटच्या शब्दावरून आई-बाबांचं घर कसं ठरवायचं?

म्हणून आकडे शोधायला बसले. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या) वार्षिक अहवालात पुण्याचा आकडा मिळतो, पण अख्ख्या शहराचा. त्यातला गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात आणि महानगरांसाठी ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर २०१७ मध्ये आंबेगाव, धायरी धरून ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३, म्हणजे तो हिशोबच जुना. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात, हाही एक घोळ. आमच्या गल्लीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर मात्र ठाण्यानुसार एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितल्यापासून संवेदनशील गुन्हे वगळता बाकीच्या एफआयआर साइटवर टाकाव्या लागतात. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपल्या भागाच्या जरूर बघा. पण तिथेही मी अडकले. पूर्वी हा सगळा भाग भारती विद्यापीठ ठाण्याकडे होता आणि २०२४ मध्ये आंबेगावचं वेगळं ठाणं झालं. त्यामुळे जुन्या ठाण्याचा आकडा खाली आला तरी गुन्हे कमी झाले की नुसती हद्द कमी झाली, हे कळायला मार्ग नाही. शिवाय मोबाइल चोरीला गेला तरी कितीतरी जण 'गहाळ' अशी नोंद करून मोकळे होतात. ज्या ठाण्यात तक्रार सहज लिहून घेतात तिथली यादी लांबच दिसणार, म्हणून तो भाग वाईट म्हणायचा का? मला तरी ते पटत नाही.

शेवटी ताई आणि मी रात्री साडेनऊला पुन्हा तिथे गेलो. मुख्य रस्त्यावर चहाच्या टपऱ्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, सगळं सुरू होतं, अजिबात भीती वाटली नाही. पण वळून सोसायटीच्या गल्लीत शिरलो आणि ओळीने तीन खांबांवरचे दिवे बंद. एका बाजूला रिकाम्या प्लॉटची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला दुचाक्यांची रांग. आईचा देवळाचा रस्ता नेमका हाच. वॉचमनकाकांनी आपणहून केबिनमधला सीसीटीव्हीचा पडदा दाखवला. चार चौकोनांपैकी दोन काळे आणि कोपऱ्यातली तारीख २०१९ ची. उद्या काही झालं तर हे फुटेज दाखवायचं कुणाला? गेटवरची नोंदवही मात्र नीट भरलेली होती, येणाऱ्याचं नाव, फ्लॅट, वेळ, सगळं.

एजंटने मागच्या वस्तीकडे हात करून "त्रास झालाच तर तिकडनं होतो" असंही ऐकवलं. मला ते आवडलं नाही. सोसायटीतल्या घरकामाच्या बायका त्याच वस्तीतून पहाटे अंधारात चालत येतात. गल्लीत दिवे नसण्याचा त्रास आधी त्यांना आहे.

तर तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, पहाटे पाच-साडेपाचला दत्तनगर ते जांभुळवाडी रस्ता या पट्ट्यात बायका एकट्या चालायला, देवळात जातात का? गेल्या वर्षभरात तुमच्या सोसायटीत किंवा शेजारी घरफोडी, सोनसाखळी खेचणं, गाड्यांच्या काचा फोडणं असं काही घडलं का, आणि बीट मार्शल (दुचाकीवरून गस्त घालणारे पोलीस) बोलावल्यावर किती वेळात आले? "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" असं सांगून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे तोतया पोलीस या भागात फिरतात का? आईची मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. ती खाकी कपडे बघितले की लगेच विश्वास ठेवते.

ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांनुसार पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा त्यांची विचारपूस करायची. पुण्यात कुणाच्या आई-वडिलांकडे असं खरंच कुणी येतं का? नाव नोंदवायला ठाण्यात काय न्यावं लागतं?

गल्लीतले दिवे महापालिकेकडून लावून घेतलेत असं कुणी असेल तर तेही लिहा. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून काम झालं, की नगरसेवकांकडे जावं लागलं? घर घेतलं तर पहिलं काम ते करायचं ठरवलंय.

आणखी एक. जवळच्या महामार्गावरच्या नवले पुलाच्या उतारावरचे अपघात वाचून चोरांपेक्षा त्या रस्त्याचीच धास्ती जास्त वाटते. बाबांना सर्व्हिस रोड ओलांडायची वेळ येणार नाही ना, हेही स्थानिकांनी सांगावं.

धनकवडी, बालाजीनगरला याच बजेटमध्ये थोडं लहान पण वर्दळीतलं घर सुचवणार असाल तर तेही चालेल. पुढच्या आठवड्यात विसार द्यायचा आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल. उघडपणे लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.