'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग'ला काय म्हणायचं?

खाडीकाठ: आशाताईंच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतेय, 'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग'वर अडलेय. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली एका पुस्तिकेत मांडलेली कल्पना: मध्ये तोंड न घालता ऐकायचं, आणि आपल्याला काय कळलं ते समोरचीला सांगून बघायचं. मी 'सक्रिय श्रवण' लिहिलं. एका ताईंनी विचारलं, "श्रवण म्हणजे कीर्तनातलं का?"

पाणंद: बरोबरच विचारलं. नवविधा भक्तीतली पहिलीच श्रवण. 'अवधान' घ्या. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय अवधान मागूनच सुरू होतो. घरात शब्द असताना 'सक्रिय' कशाला?

रातांबा: अवधान आज बोलतं कोण? 'ऐकून घेणं' लिहा. "आधी माझं ऐकून तर घे" म्हणतोच की आपण.

खाडीकाठ: आधी तेच लिहिलं होतं, दादा. पण एखादी "सासूचं ऐकून घेते" म्हणते ना, त्यात सोसणं असतं. ते मला नको.

रातांबा: मग 'हूं देणं'. मे महिन्यात आजी पडवीत रातांबे फोडताना गोष्ट सांगायची. आमचा हूं चुकला की तिचा हात थांबायचा, लाल रस मनगटावरून ओघळत राहायचा. "खंय होतंय मी?" म्हणजे कुठवर आले होते मी? सांगता आलं नाही तर गोष्ट तिथेच बंद.

तळकोकण: हूं तोंडदेखलाही असतो. देवापुढे गाऱ्हाणं घालतात त्यात दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, निम्म्यांचं लक्ष दुसरीकडेच.

पाणंद: नाही पटत. गाऱ्हाण्यात घरातल्या आजाऱ्याचं नाव येतं तेव्हाचा "व्हय म्हाराजा" कानाला वेगळा लागतो.

खाडीकाठ: रातांबादादा, तुमच्या आजीचं "खंय होतंय मी?" म्हणजे तेच की, कळलेलं परत सांगायला लावणं! पण याला नाव काय द्यायचं?

तळकोकण: गजाल म्हणा, आमच्याकडच्या गप्पागोष्टी. गजालीत सांगणारो नि आयकणारो येगळे नसतत. शब्दच समुद्राच्या गाजेवरून आलाय.

पाणंद: गाजेवरून कसा? 'गझल'वरून. अरबीत गझल म्हणजे प्रेमाचं बोलणं.

तळकोकण: आमच्या दर्यावर्दींच्या तोंडी गझल? पुरावा द्या.

खाडीकाठ: पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो.

पाणंद: देतो. आधी मला सांगा, गाजेला शेवटचा 'ल' कुठून चिकटला?