गेटसमोर परत खोदलंय

पवार ताई (बी विंग): सोसायटीच्या गेटसमोर परत खोदलंय. दिवाळीआधी डांबर टाकलं ना, बरोबर तिथेच. बोर्ड नाही, बॅरिकेड नाही, दोन काठ्यांना पट्टी बांधून मोकळे झाले. आज सासूबाईंची डायलिसिसहून येणारी रिक्षा कोपऱ्यावरच थांबली, तिथून मी आणि वॉचमनमामांनी त्यांना दोन्हीकडून धरून चिखलातून आणलं. कमिटीला काही वाटतं का?

शिंदे दादा: ताई, आजी बऱ्या आहेत ना आता? आणि खोदलं कुणी?

पवार ताई: झोपल्यात. मुकादमाला विचारलं तर म्हणे आम्ही केबलवाले, बाकीचं ऑफिसात विचारा. कुठलं ऑफिस ते त्यालाच माहीत नाही. चरात पाण्याचा निळा पाईप उघडा पडलाय आणि त्याच्यावरूनच कुदळ चालू आहे.

देशपांडे काका: मी मागेही लिहिलं होतं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दर महिन्याला मोहल्ला कमिटीची, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांची, बैठक होते. पाणी, पथ, ड्रेनेज, सगळे इंजिनिअर समोर बसलेले असतात. आपल्याकडून कुणी येत नाही.

म्हात्रे (सी विंग): पाईप फुटला की परत टँकर. त्यावरून आठवलं, बी विंगचे मागच्या महिन्याचे टँकरचे पैसे जमा झाले का?

पवार ताई: झालेत. पावती सेक्रेटरींकडे आहे. आणि इथे आजारी माणसाचा विषय चाललाय म्हात्रे साहेब.

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोलावे. सर्वांचे पैसे आलेले आहेत, सी विंगचे दोन फ्लॅट वगळून.

म्हात्रे: मग नावं टाका ना ग्रुपवर.

शिंदे दादा: काका, आधी चहा घ्या, मग टँकर 😄

गायकवाड (ए विंग): मूळ दुखणं वेगळंय. आपली बिल्डिंग पास केली पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली त्यात आपलं नऱ्हे गेलं, म्हणून टॅक्स आता महापालिकेला, वीज महावितरणची, बस पीएमपीची आणि खालचा सर्व्हिस रोड हायवे प्राधिकरणाचा. तक्रार करा, पहिलं उत्तर एकच, हे आमच्याकडे येत नाही. आणि तो अधिकारी खोटंही बोलत नसतो, त्याचा तुकडा खरंच तेवढाच असतो.

शिंदे दादा: खरंय. पण खोदाईला परवानगी महापालिकेचा पथ विभाग देतो ना? खोदाईच्या दर मीटरमागे पैसे भरून घेतात, रस्ता पूर्ववत करायलाच. मग आधी ड्रेनेज, मग पाणी, मग केबल आणि शेवटी डांबर, हे कुणीतरी एकत्र बसून ठरवायला नको?

देशपांडे काका: म्हणूनच म्हणतोय, मोहल्ला कमिटी. तिथे सगळे एकत्र असतात.

कुलकर्णी काकू: काका, रोज एकच काय लिहिता? तिथे गेलं की नुसतं लिहून घेतात.

देशपांडे काका: लिहून घेतात म्हणजे पुढच्या बैठकीत त्यांना काय झालं ते विचारता येतं. इथे ग्रुपवर लिहून कुणाला विचारणार? शिवाय २००६ पासून महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांना कामं सुचवता येतात, ५ लाखांपर्यंतचं एक काम. कोपऱ्यापासून गेटपर्यंतचा फुटपाथ त्यात बसेल. फॉर्म मी आणून देतो.

कुलकर्णी काकू: फुटपाथ झाला की त्यावर म्हात्र्यांची ॲक्टिव्हा.

म्हात्रे: पार्किंग द्या, काढतो.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय एजीएममध्ये.

गायकवाड: मी सांगतो ते ऐका. वेगवेगळी पत्रं नकोत, प्रत्येक खातं आपापल्यापुरतं उत्तर देऊन फाईल बंद करतं. एकच पत्र करा, पथ, पाणी, ड्रेनेज, महावितरण, हायवे, वाहतूक पोलिस सगळ्यांना, आणि कुणाकुणाला पाठवलंय ते त्यातच लिहा म्हणजे ढकलायला जागा राहत नाही. मागणी एकच, संयुक्त पाहणी. सगळ्यांनी एकाच दिवशी या चराशी उभं राहायचं. २०२२ ला हायवेवरच्या नवले पुलावर एका अवजड ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, त्यानंतर पोलिस, हायवे, महापालिका सगळे हलले आणि सर्व्हिस रोडवरची अतिक्रमणंसुद्धा निघाली. म्हणजे मनात आणलं की जमतं यांना. इथे आपण अपघाताची वाट का बघायची?

पवार ताई: हे पटलं. माझी सही पहिली घ्या.

देशपांडे काका: आणि ते पत्र मोहल्ला कमिटीत द्यायचं, पोस्टाने नाही.

कुलकर्णी काकू: बरं बाई, येते मी पण. पण बसायला खुर्ची असते ना तिथे?

देशपांडे काका: असते. मीच धरून ठेवतो.

सेक्रेटरी: लेटरहेडवर मजकूर तयार करतो. फोटो कोणी देईल का? निळा पाईप आणि शेजारचा विजेचा खांब एकाच फोटोत यायला हवा.

म्हात्रे: खाली आहे, काढतो. खांबाचा नंबरही टाकतो, महावितरणवाले आधी तोच विचारतात. सी विंगच्या सह्या संध्याकाळपर्यंत आणून देतो, त्या दोन फ्लॅटच्या पण.