छोटा ट्रेलर रात्री हलू नये म्हणून तुम्ही काय करता?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी काहींनी तंबू सोडून एका आसाचे छोटे ट्रेलर घेतले आहेत. डोकं पायांपेक्षा खाली गेलं किंवा कूस बदलताच सगळं डुललं, की झोपेचं खोबरं होतं. तुम्ही कुठल्या जमिनीवर काय करता, सविस्तर लिहा.

कोलोराडोहून
माझा क्रम ठरलेला आहे. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच कमी उंचीच्या बाजूचं चाक ठोकळ्यांवर चढवायचं. मग चाकांना पुढून-मागून पाचरी, त्यानंतरच हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा, सोडायचा. टंग जॅकने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या जॅकने, पुढची बाजू वरखाली करायची आणि कोपऱ्यांचे जॅक अगदी शेवटी. पाणसळ मी गादीखालच्या फळीवर ठेवते, झोपायचं तिथेच आहे ना! दोन चाकांत सहा फुटांचं अंतर असेल तर एक अंश उतारासाठी साधारण सव्वा इंच उंची लागते. हा हिशोब येत असला की सारखं पुढेमागे करावं लागत नाही. टायर मात्र पूर्ण ठोकळ्यावर बसायला हवा.

मिशिगनहून
ताईंचा क्रम अगदी बरोबर. एकच भर घालतो: कोपऱ्यांच्या जॅकने ट्रेलर उचलू नका. ते फक्त डुलणं थांबवण्यासाठी असतात. जॅकचा पाय जमिनीला टेकला की अर्धा फेरा, बस्स. आम्ही जुना ट्रेलर घेतला, त्याचं दार चौकटीला घासतं, कारण आधी कोणीतरी नेहमी जॅकवरच भार तोलत असे. सांगाडा पिळवटला की तो सरळ करणं फार खर्चिक.

मेरीलँडहून
असाटीग बेटावर सगळी वाळू. तिथे जॅकचे पाय रुततात, म्हणून प्रत्येकाखाली रुंद लाकडी फळी. रात्रीत वाळू बसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जॅक पुन्हा आवळतो.

टेक्सासहून
लहान मुलं असतील त्यांनी हे जरूर वाचा. हिच सोडलेला असताना मागचे जॅक खाली केलेले नसतील आणि कोणी मागच्या टोकाला जाऊन बसलं, तर ट्रेलर पुढून उचलला जाऊन मागे कलंडू शकतो. आमच्याकडे मागचे दोन्ही जॅक टेकल्याशिवाय मुलांना आत सोडत नाही. हा नियम कितीही उशीर झाला, पाऊस असला तरी मोडत नाही.

ओरेगनहून
एका रात्रीचाच मुक्काम आणि जागा सपाट असेल तर आम्ही हिच सोडतच नाही. गाडीच्या आधाराने पुढची बाजू बरीच स्थिर राहते.

पुन्हा कोलोराडोहून
सपाट जागेवर मीही तसंच करते. पण गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असेल तर आधी पाणसळ बघाच. जास्त कलला तर आतला प्रवाह अडतो आणि फ्रिज खराब होऊ शकतो. कंप्रेसरच्या फ्रिजचं तेवढं नाही. डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवायची असेल तर उशीच जाड घ्या.