विषय: नानांच्या कीटकपेट्या आणि सभागृहातील फ्रीझर

प्रेषक: पालक प्रतिनिधी, मराठी शाळा

सप्रेम नमस्कार,

नानांनी दिलेल्या, टाचण्यांवर लावलेल्या सुक्या कीटकांच्या तिन्ही पेट्या आपल्या ताब्यात आल्या आहेत. सायन्स ऑलिंपियाड या अमेरिकेतील शालेय विज्ञान स्पर्धेच्या कीटकशास्त्र विभागासाठी मुलांचा सराव शनिवारच्या शाळेनंतर वरच्या खोलीत घ्यायचा, हे बैठकीत ठरलेलेच आहे, त्यामुळे त्यावर पुन्हा लिहीत नाही. अडचण वेगळीच निघाली आहे. भुंग्यांच्या पेटीत काही टाचण्यांच्या खाली तपकिरी भुकटी साचली आहे, आणि सर्वांत मोठ्या भुंग्याला चिमट्याने हलकेच स्पर्श केला, तेव्हा त्याचे पोट आतून पूर्ण पोकळ झाल्याचे लक्षात आले. पेटीला कीड लागली आहे, यात शंका नाही. अशा पेट्या काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्या लागतात. आमच्या घरच्या फ्रीझरमध्ये एवढी पेटी मावत नाही. सभागृहाच्या स्वयंपाकघरातील आडव्या फ्रीझरमध्ये मावेल. खाद्य समितीने कृपया परवानगी द्यावी.

आपली,
पालक प्रतिनिधी

---

प्रेषक: काकू, खाद्य समिती

सस्नेह नमस्कार,

संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी तो फ्रीझर रिकामा नसतो, हे नवीन सभासदांना माहीत नसेल, परंतु आपण तर जुन्या आहात. भोगीच्या भाजीसाठी आणलेले पावट्याचे दाणे, तुरीचे दाणे आणि ओला हरभरा, शिवाय खवलेला नारळ, हे सगळे आत्ता त्यातच आहे. त्याच्या शेजारी मेलेले किडे ठेवल्याचे पंगतीत कळले, तर भाजीला कोणी हात लावणार नाही. गणपतीत मोदकाच्या पिठीवरून काय झाले, ते मी पुन्हा सांगायला नको.

पेटीत डांबरगोळ्या टाकाव्यात. आमच्या आईच्या पैठण्या आयुष्यभर त्यावरच टिकल्या. शिवाय आजकाल सगळे कीटक कॉम्प्युटरवर दिसतात, मग मुलांना या पेट्या हव्यातच कशाला?

काकू

---

प्रेषक: राहुरीवाले काका

काकूंस सादर नमस्कार.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात आम्हालाही कीटकसंग्रह करावा लागे, म्हणून चार शब्द लिहितो. भुकटीचे कारण म्हणजे कार्पेट बीटलच्या केसाळ अळ्या. डर्मेस्टिडी कुळातील या अळ्या सुकलेला कीटक आतून खातात आणि वरचे कवच तसेच ठेवतात, त्यामुळे पुष्कळ उशिरा लक्षात येते. डांबरगोळ्यांच्या वासाने फार तर नवी कीड थोडीफार दूर राहील. आत असलेली मरेल याचा भरवसा नाही. त्यातही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्या असतील, तर पेटीच्या तळाचा थर्माकोल विरघळून टाचण्या कलंडतील. शिवाय त्या वाफेत मुले तोंड खुपसून बसणार, हे मला तरी पटत नाही.

आता पेट्या कशाला, याचे उत्तर. या स्पर्धेत मुले जोडीने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात, प्रत्येक ठिकाणी मोजकीच मिनिटे मिळतात, आणि परीक्षक छायाचित्र ठेवील की खरा नमुना, हे आधी सांगता येत नाही. लँटर्नफ्लाय या झाडांचा रस शोषणाऱ्या उपद्रवी कीटकाचेच घ्या. अमेरिकेत तो प्रथम पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत 2014 साली सापडला आणि आज आपल्या न्यू जर्सीत पोराटोरांना ठाऊक आहे. पण पंख पसरलेले चित्र दाखवले, लाल मागचे पंख आणि ठिपके दिसले, की निम्मी मुले ‘पतंग’ लिहून मोकळी होतात. खरा नमुना उलटा करून भिंगाखाली धरला, तर डोक्याखालून निघून पायांच्या मधून मागे गेलेली सरळ सोंड दिसते. पतंगाची सोंड गुंडाळलेली असते आणि पंखांवर खवले असतात. एकदा ती सोंड पाहिली, की हा हेमिप्टेरा, म्हणजे ढेकूणवर्गीय गण आहे, आपल्या कपाशीवरच्या मावा आणि तुडतुड्यांचा सोयरा, हे मूल विसरत नाही. तीच गोष्ट फुलमाशीची. पिवळे-काळे पट्टे पाहून तिला सगळे मधमाशी ठरवतात. मधमाशीसारखे चार नव्हे, पंख दोनच आहेत आणि मागच्या पंखांच्या जागी बारीकशी गाठ आहे, हे चित्रात दिसेलच असे नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. नानांनी रीतसर प्रत्येक भुंग्याच्या उजव्या पंखावरणातून आणि प्रत्येक ढेकूणवर्गीयाच्या पाठीवरील त्रिकोणातून टाचणी घातली आहे. हुशार मुले टाचणीची जागा पाहूनच गण सांगू लागतील. त्यांना ती सवय लागू देऊ नये, कारण छायाचित्रात टाचणी नसते.

फ्रीझरचे तापमान उणे 18 अंश सेल्सिअस असावे आणि पेटी किमान आठवडाभर, जमल्यास पंधरवडाभर आत ठेवावी. पेटी दोन जाड पिशव्यांत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करावे, म्हणजे काकूंच्या पावट्यांशी तिचा संबंध येणार नाही.

आपला,
काका

---

प्रेषक: एक पालक (नववीच्या मुलीचे वडील)

काकांच्या पत्रातील थंडीच्या मुद्द्यावर विचारतो. बाहेर आत्ता एवढे गारठले आहे, तर पेट्या सरळ आमच्या गॅरेजमध्ये का ठेवू नयेत? वीजही लागणार नाही आणि वादही मिटेल.

तसेच, सरावासाठी नवे कीटक मारण्यास आमच्या घरी विरोध आहे, हे नोंदवून ठेवतो. 2021 साली प्रिन्स्टनला सतरा वर्षे जमिनीखाली राहणारे सिकाडा कीटक बाहेर निघाले, तेव्हा मुलीने त्यांच्या रिकाम्या काती झाडाखालून वेचल्या होत्या. त्या द्यायला ती आनंदाने तयार आहे. दिव्यांच्या काचेत आणि खिडकीच्या फटीत आपोआप मेलेले कीटकही पुष्कळ मिळतात.

---

प्रेषक: राहुरीवाले काका

गॅरेज चालणार नाही. दुपारी तापमान शून्याच्या वर जाते, रात्री उतरते, आणि थंडी अशी हळूहळू वाढली की कीटक तिच्याशी जुळवून घेतात. ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग हा ढेकूणवर्गीय कीटक याच दिवसांत तुमच्या गॅरेजच्या भिंतीत सुखाने हिवाळा काढत असेल. अचानक आणि सलग कडक थंडी हवी.

मारण्याविषयी म्हणाल, तर लँटर्नफ्लाय दिसताच चिरडा असे सरकारच सांगते. मग एखादा न चिरडता सुकवून ठेवला, तर मला त्यात वावगे वाटत नाही. बाकीच्यांबाबत तुमच्या मुलीचे म्हणणे मला मान्य आहे. सिकाडाच्या काती अवश्य आणाव्यात. माती खोदण्याचे पुढचे पाय त्यांवर जसे शाबूत असतात, तसे कोणत्याही पुस्तकात दिसत नाहीत.

---

प्रेषक: पालक, शेजारच्या गावातून

विषयांतर होत असल्यास क्षमस्व, परंतु या पेट्या मंडळाच्या आहेत की एका शाळेच्या संघाच्या? आमची मुलेही त्याच स्पर्धेत उतरतात, आणि नानांनी पेट्या ‘मंडळाच्या मुलांसाठी’ दिल्याचे मी स्वतः ऐकले आहे. सराव सर्वांना खुला असावा.

दुसरे असे की, पेट्यांसोबत नानांची जी जुनी मार्गदर्शक पुस्तके आली आहेत, त्यांत वाळवीचा गण स्वतंत्र दिला आहे. 2007 मधील जनुकीय अभ्यासानंतर वाळवी झुरळांच्या गणात धरतात. मुलांनी स्पर्धेच्या अधिकृत यादीप्रमाणेच नावे पाठ करावीत, पुस्तकाप्रमाणे नव्हे. नाहीतर बरोबर ओळखूनही गुण जातील.

---

प्रेषक: पालक प्रतिनिधी, मराठी शाळा

सराव सर्वांना खुला आहे आणि होता. सूचना फलकावर लावलेली आहे. मात्र पेटी उघडताना एक मोठे माणूस शेजारी असेल आणि नमुना टाचणीच्या माथ्याला धरूनच उचलला जाईल, या दोन अटी दोन्ही गावांच्या मुलांना सारख्याच लागू राहतील. वाळवीविषयीची सूचना योग्य आहे. त्या पानावर चिठ्ठी लावते.

काकू, संक्रांतीनंतर फ्रीझर मिळाला तर आमच्या उपयोगाचा नाही. तोवर विभागीय स्पर्धा तोंडावर आलेली असेल, आणि अळ्या काही पंगत उठेपर्यंत थांबणार नाहीत.

---

प्रेषक: काकू, खाद्य समिती

सर्वांची पत्रे वाचली. सभागृहाच्या फ्रीझरबाबत माझा निर्णय बदललेला नाही आणि सचिवांशीही बोलणे झाले आहे. मात्र आमच्या तळघरात एक आडवा फ्रीझर आहे. त्यात सध्या आंब्याच्या रसाचे डबे आहेत, ते मी एका बाजूला करीन. कीड लागलेली भुंग्यांची पेटी आधी आणावी. बाकीच्या दोन पेट्यांत भुकटी नसली, तरी त्याही नंतर पाळीपाळीने ठेवाव्यात, असे काकांनी फोनवर सांगितले आहे. पेटी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर ओल धरून बुरशी येते, हेही त्यांनीच बजावले आहे.

जाड पिशव्या आणि चिकटपट्टी तुम्ही आणावी. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची इंचांत आज रात्रीपर्यंत कळवावी, कारण फ्रीझरच्या एका बाजूला मोटारीचा उंचवटा आहे आणि तिथे पेटी सपाट बसणार नाही.

काकू