राजीनाम्याचा कागदच नसेल तर सत्तांतर वैध कसं?

घोडबंदरकर
काल तलावपाळीला आमच्या कट्ट्यावर बांगलादेशावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे विचारतो. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या उठावामुळे पंतप्रधान शेख हसीना ढाक्याहून निघाल्या आणि गाझियाबादजवळ हिंडन तळावर उतरल्या. राजीनामा मिळाल्याचं राष्ट्रपती शहाबुद्दीन यांनी त्याच रात्री देशाला सांगितलं. ऑक्टोबरात ‘मानवजमीन’ या ढाक्याच्या दैनिकाच्या संपादकांशी बोलताना मात्र ते म्हणाले की, लेखी पुरावा माझ्याकडे नाही. हसीनांचा मुलगा तर ऑगस्टपासून सांगत होता की आईने रीतसर राजीनामा दिलाच नाही.

त्यांच्या घटनेचं कलम ५७ म्हणतं, राजीनामा राष्ट्रपतींच्या हाती द्यायचा, आणि नवा पंतप्रधान येईपर्यंत जुनाच पदावर राहतो. संसद विसर्जित होते तीही पंतप्रधानांच्या लेखी सल्ल्याने. तो सल्ला कुणी दिला? माणूस नकोसा झाला म्हणून कागदही नकोसा होत नाही. माझं मत ठाम आहे.

सीवूड्सची वाचक
दादा, तुम्ही ५ ऑगस्टपासून सुरुवात केलीत, मी १६ जुलैपासून करते. रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला. हातात फक्त एक काठी. तो गोळ्या झेलतानाचं चित्रण जगाने पाहिलंय. मागणी काय होती, तर सरकारी नोकऱ्यांत स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांसाठी असलेला ३० टक्के कोटा कमी करा. २१ जुलैला सुप्रीम कोर्टाने तो ५ टक्क्यांवर आणला, पण तोवर प्रेतांचे ढीग पडले होते. १ जुलै ते १५ ऑगस्टमध्ये १४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो.

निवडणुकीपुरतं तटस्थ काळजीवाहू सरकार नेमायची सोय २०११ मध्ये कुणी रद्द केली? हसीनांनीच. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षाचा बहिष्कार होता. आतून कडी घालून घ्यायची आणि लोकांनी दार तोडलं की पंचनामा मागायचा, हे मला पटत नाही.

कांदा-बटाटा, वाशी मार्केट
कलमं मला कळत नाहीत. आमचा नाशिकचा माल तिकडे जातो. त्या आठवड्यात सीमेवर गाड्या अडकल्या होत्या, पावसाळी हवेत कांदा किती टिकणार? समोरचा व्यापारी फोनवर एवढंच म्हणायचा, इथे कोण आहे तेच कळत नाही. सरकार कुणाचंही असो, कुणीतरी पटकन बसलं पाहिजे.

घोडबंदरकर
ताई, त्या पोरांच्या बलिदानाबद्दल दुमत नाहीच. पण ढाक्याचाच दाखला घ्या. १९९० मध्ये राष्ट्रपतिपदावरच्या लष्करशहा इर्शादविरुद्ध असाच उठाव झाला. तेव्हा आधी उपराष्ट्रपतींनी राजीनामा दिला, त्या जागी सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद (२०२४ चे राष्ट्रपती शहाबुद्दीन वेगळे) आले, मग ६ डिसेंबरला इर्शादने त्यांच्या हाती सत्ता सोपवली. १९९१ च्या निवडणुकीनंतर नव्या संसदेने घटनादुरुस्ती करून या सगळ्याला मान्यताही दिली. रस्त्यावर रक्त सांडलेलं असतानाही हे जमलं होतं.

सीवूड्सची वाचक
कारण इर्शाद तिथे थांबला! हसीना हेलिकॉप्टरने निघून गेल्या. पळून गेलेल्या माणसाची सही आणायची कुठून? ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांनी हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून शपथ घेतली, त्याआधी राष्ट्रपतींनी कलम १०६ खाली, म्हणजे कायद्याच्या प्रश्नावर कोर्टाचा सल्ला मागायच्या तरतुदीखाली, सुप्रीम कोर्टाचं मत घेतलं होतं. अराजक नव्हतं ते.

घोडबंदरकर
आणि मत देणाऱ्या त्याच कोर्टाच्या सरन्यायाधीशांना १० ऑगस्टला विद्यार्थ्यांच्या घेरावामुळे पद सोडावं लागलं. मला भीती याचीच आहे. पुढे मे २०२५ मध्ये हसीनांच्या अवामी लीग या पक्षाच्या कामावर बंदी आली, नोव्हेंबरात हसीनांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. शिक्षा योग्य असेलही, पण उद्या त्यांचा पक्ष म्हणेल की ती देणारी सगळी व्यवस्थाच बेकायदा होती. तो मुद्दा त्यांच्या हाती आयता गेलाय.

सीवूड्सची वाचक
पक्षबंदी मलाही मान्य नाही. मतदारांनीच त्यांना घरी बसवायला हवं होतं. पण ‘हसीना अजून पंतप्रधान आहेत’ हे मी कदापि मान्य करणार नाही. १९९१ सारखी दुरुस्ती करून निवडून आलेल्या संसदेने या काळावर शिक्का मारावा, माझी हरकत नाही. फक्त त्या ठरावात १६ जुलै पहिल्या ओळीत हवा, राजीनाम्याचा कागद नंतर.